न्यूनेनच्या देवघरातला लाल दगड

श्रद्धेने केलेला अपराध ओळखणे फार कठीण असते, कारण तो करणाऱ्याचे हात जोडलेलेच असतात. असा अपराध माझ्या हातून घडला. तो मला माझ्या नातीने दाखवला, म्हणून हे लिहीत आहे.

अवनी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात संशोधन करते. खारफुटीची मुळे किनाऱ्यावरचा गाळ कसा धरून ठेवतात, हा तिचा विषय. त्यासाठी गेल्या वर्षी ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका दूरच्या खाणगावी गेली आणि माझ्या पंचाहत्तरीनिमित्त मलाही सोबत घेऊन गेली.

त्या गावात एकीकडे लोहखनिजाने भरलेली, शेवट न दिसणारी मालगाडी बंदरात शिरत असे. दुसरीकडे ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात खारफुटी उभी, आणि तिच्या पलीकडे तांबड्या शिळांवर कासवांची व माशांची अतिप्राचीन कोरीव चित्रे. ती भूमी ज्या आदिवासी समाजाची, त्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई आम्हाला तेथे नेत. सारे गाव त्यांना आदराने आन्टी जून म्हणे. पाण्याजवळ जाण्यापूर्वी त्या मोठ्याने आमची नावे घेत आणि पूर्वजांना सांगत, हे कोण, कुठून आले. संकल्पात आपणही देश, काल आणि नाव उच्चारतोच. मला परके वाटेना. त्याच आपलेपणाच्या भरात, नर्मदेतून शिवलिंगाचा बाण आणावा तसा, निघण्याच्या दिवशी मी किनाऱ्यावरचा एक गुळगुळीत तांबडा दगड उचलला आणि धोतराच्या घडीत ठेवला. विचारले कुणालाच नाही.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन या आमच्या गावी परतल्यावर तो देवघरात बसवला. रोज स्नान, गंध, फूल.

महिन्याभराने एका रविवारी अवनी आली. आइंडहोवनपर्यंत रेल्वेने, पुढे सायकलने. हात धुऊन समई लावायला बसली आणि तशीच थांबली.

"आबा, हा कुठला?"

"आपल्या त्या किनाऱ्यावरचा."

तिने काडी विझवली. "निघताना आन्टींनी मला विचारलं होतं, इथलं काही घेतलं नाही ना. मी दोघांच्या वतीनं नाही म्हटलं. माझ्या गाळाच्या चमचा चमचा नमुन्यासाठी मी त्यांच्या समाजाच्या बैठकीसमोर बसून परवानगी घेतलीय, आबा."

सून सुचेता स्वयंपाकघरातून आली. "म्हणजे माझी लोणच्याची बरणी नियमाबाहेर म्हणून बॅगेतून काढलीत, आणि स्वतः दगड घेऊन आलात?"

मी ओशाळलो, तरी हट्टाने म्हणालो, "एवढासा दगड. खाणवाले तर रोज डोंगर नेतात."

"म्हणूनच, आबा," अवनी म्हणाली.

मुलगा विनय व्यवहारी. "कशाला बोभाटा? मार्चमध्ये तुझी परवानगी नवी व्हायचीय. ती गेली तर दोन वर्षांचं काम अर्धं राहील. पुढच्या वेळी गुपचूप ठेवून ये."

"गुपचूप आणला, गुपचूप ठेवला. मग माझ्या शब्दाचं काय, बाबा?"

ते ऐकून माझी मान खाली गेली आणि ऊर मात्र भरून आला. मी म्हणालो, "फोन लाव. चूक माझी, बोलणार मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे दुपार असताना, मी मराठीत सांगितले आणि अवनीने एक शब्दही सौम्य न करता ते पोहोचवले. आन्टी जून म्हणाल्या, "दाखवा, कुठे ठेवलाय." अवनीने फोन देवघराकडे वळवला. शेवंतीची फुले पाहून त्या हसल्या. "रोज अंघोळ? फुलंसुद्धा? मला माझी नातवंडं एवढं विचारत नाहीत!" मग आवाज बदलला. "पण त्याचं घर इथे आहे. परवानगीचं मी एकटी सांगू शकत नाही. बैठकीत ठरेल."

तीन आठवडे घरात तो विषय कुणी काढला नाही. सुचेता मात्र रोज न सांगता बाजारातून फुले आणू लागली.

मग उत्तर आले. परवानगी कायम, मात्र दगड अवनीने स्वतःच्या हातांनी नेऊन जागच्या जागी ठेवावा आणि पाण्याला आजोबांचे नाव सांगावे. खाली आन्टींचे स्वतःचे एक वाक्य होते: आपणहून चूक सांगायला येणारे आमच्याकडे फार थोडे, ही मुलगी पुन्हा यावी.

ते वाक्य मी विनयला मोठ्याने वाचायला लावले. दोनदा. त्याचाही आवाज दुसऱ्या वेळी जरा उंच लागला.

निघण्याच्या सकाळी मी दगडाची उत्तरपूजा केली. विसर्जन करताना देवाला पुन्हा येण्याची विनंती करतात. आयुष्यात प्रथमच ती मी केली नाही. दगड धुतला, पुसला, मऊ वस्त्रात गुंडाळून अवनीच्या ओंजळीत ठेवला.

"नाव नीट सांग हो. गोत्रासकट."

"सांगते. आणि आबा, या वेळी परवानगी मागून काही आणू?"

"काही नको. विचारून ये, त्यांची खुशाली."

ती सायकल ढकलत वळणापर्यंत गेली. देवघरातली ती जागा मी मोकळीच ठेवली आहे. त्या किनाऱ्याची भरती-ओहोटी अखंड चालो, त्या शिळा आणि त्यांना जपणारी माणसे सुखी असोत, आणि माझ्या नातीच्या शब्दाला असेच वजन राहो.