स्टँडला अडकवलेली बॅग

ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी सभागृहवाल्यांनी नियम काढला, की विमा असल्याशिवाय फोटोग्राफरला आत घ्यायचं नाही. माझा धाकटा भाऊ कुणाच्या स्टुडिओत नोकरीला नव्हता. बोलावतील तिथे जाऊन फोटो काढायचा. कुरकुरत त्यानं तो विमा उतरवला. त्याच्या कामात तिऱ्हाइताला इजा झाली, तर भरपाई कंपनी देणार.

"अक्का, माझ्या फोटोनं आजवर कुणी मेलंय का?"

"मेलं नाही, पण फोटो बघून तोंड लपवलंय बऱ्याच जणांनी."

आम्हा दोघांना शाळेत शिकवलेल्या बाईंचा निवृत्तीचा समारंभ होता. दिव्याचा उंच स्टँड कलंडू नये म्हणून फोटोग्राफर त्याला वाळूची पिशवी बांधतात. वाळू कोण वाहत बसणार म्हणून हा आपली कॅमेऱ्याची जड बॅगच त्याला अडकवायचा. त्या दिवशी बाई पुढच्या खुर्चीत बसल्या, मागे सगळे शिक्षक उभे. दुसरी लेन्स हवी म्हणून त्यानं बॅग उचलली. स्टँड सावकाश कलला आणि दिवा बाईंच्या उजव्या खांद्यावर आला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात विमा एजंटनं त्याला गाठलं.

"साहेब, आता तोंडाला कुलूप. 'चूक माझी' म्हणालात की कंपनी हात वर करणार. मग ऑपरेशन बाईंच्या पेन्शनमधून. भेटायलाच जाऊ नका, तुम्हाला राहवायचं नाही."

"माफीसुद्धा मागायची नाही?"

"दावा निकाली निघू दे, मग हवी तेवढी मागा. ताई, तुम्हीही यातलं काही बोलू नका."

खर्च झेपण्यासारखी ऐपत आमची नव्हती. भाऊ गेला नाही. मी जात राहिले.

"तो कुठाय गं?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कामात आहे, बाई."

"हाड माझं मोडलंय. त्याच्या जिभेला काय झालं?"

त्या हसल्या, मीही हसले. पुढच्या प्रत्येक भेटीत त्या विचारत, आणि घरी आले की भाऊ मला विचारी, "काही म्हणाल्या?" एके दिवशी सांगितलं, "आज तुझं नावच काढलं नाही." तो लेन्स पुसत होता. "हं," म्हणाला आणि पुसत राहिला.

दावा निकाली निघायला वर्ष उलटून गेलं. दोन्ही ऑपरेशनांचा खर्च कंपनीनं दिला. दुसऱ्याच दिवशी आम्ही बाईंच्या घरी गेलो. त्यांनी डाव्या हातानं दार उघडलं. हा उंबऱ्यातच म्हणाला, "बाई, बॅग मी काढली. चूक माझीच."

"ते मी समोर बसून पाहिलं होतं रे. ये, बस."

त्यानं एजंटचं सगळं सांगितलं. न झालेल्या गृहपाठाची कारणं ऐकावीत तसं बाईंनी ते ऐकून घेतलं.

"बरोबर केलंस. मला तो खर्च झेपला नसता," त्या म्हणाल्या. "फक्त पहिल्या ऑपरेशनच्या आधी मला फार भीती वाटत होती. दारात नुसता उभा राहिला असतास, तरी चाललं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चहा तू गाळ गं. माझ्या हातून सांडतो."

चहा झाला. रस्त्यावर आल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, मला काहीच वाटत नाहीये."

मलाही काही वाटत नव्हतं. आम्ही घरापर्यंत चालत आलो.

एजंट पुढे कंपनीत मोठा साहेब झाला. बाई डाव्या हातानं लिहायला शिकल्या, मग भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. भावानं म्हातारपणापर्यंत फोटो काढले, पण पुढच्या खुर्चीत कुणाला बसवून ग्रुप फोटो काढायचा असला की दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा. आता त्याला दिसत नाही फारसं. त्यानं नंतर घेतलेल्या वाळूच्या पिशव्या माझ्याकडे आहेत. वारा सुटला की दार आपटू नये म्हणून लावते.