जादा बोटाचा कोंबडा

मित्रांनो, अल्लीपूरच्या रुख्माबाईंच्या अंगणात पहाटे सगळ्यांची झोप मोडतो तो म्हातारा कोंबडा मीच. बाकीच्या कोंबड्यांच्या पायाला चार बोटं असतात, मला पाच. अंड्यातूनच घेऊन आलो.

त्या बोटानं मला एकदा वाचवलं. रुख्माबाईंनी देवाला कोंबडा बोलला होता. मला उचललं, पाय पाहिले आणि खाली सोडलं. "याच्यात खोट हाये, देवाले चालत नाई," म्हणाल्या. अपमान वाटला, पण मान शाबूत राहिली.

देवाला चालत नाही ते जावयाला चालतं, हे मला कुठं ठाऊक! पोळ्याच्या करीला, म्हणजे आमच्याकडच्या तिखट रश्श्याच्या दिवशी, नवे जावई चंदनराव आले. माणूस भला, पण उजवा हात कायम खिशात. त्या हाताला दोन अंगठे होते. घरात सगळ्यांना माहीत, बोलत मात्र कुणीच नसे. बिचारे जेवायचेही डाव्या हातानं, चमच्यानं.

रुख्माबाईंनी मला टोपलीखालून ओढलं. तेवढ्यात वर्ध्याला जीवशास्त्र शिकणारी धाकटी सुरभी आडवी आली.

"आई, याले काऊन कापून राह्यली? असा पाय कुठं पाह्याले भेटते? अंड्यात पाय आधी नुसता कोंब असते. त्याच्या मागच्या काठावरच्या पेशी एक निरोप सोडतात. जवळ तो दाट पोचते, दूर पातळ. त्याच्यावरून कोणतं बोट कुठं, ते ठरते. याच्या पायात तोच निरोप पुढच्या काठावरूनबी सुटला, म्हणून बोट वाढलं. माणसाच्या अंगठ्यापाशीबी असंच..."

आणि तिनं जीभ चावली. रुख्माबाई आभाळाकडं बघायला लागल्या.

चंदनरावांनी सावकाश हात बाहेर काढला. दोन्ही अंगठे पाहिले, मग माझा पाय पाहिला.

"म्हंजे याचं अन् माह्यं एकच?"

"एकच, भाऊजी."

"मामी, सोडा त्याले. घरच्याले कसा खाऊ?"

मला रडूच आलं असतं, पण कोंबड्याला ते जमत नाही. मी आरवलो.

त्या दिवशी वांग्याचा रस्सा झाला. चंदनरावांनी चमचा बाजूला सारला आणि सहाही बोटं बुडवून भाकर कुस्करली. रुख्माबाईंनी त्या हाताकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि आणखी वाढलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुणाचं एखादं बोट जास्त दिसलं तर तोंड फिरवू नका. आणि ते कोंबड्याचं असेल, तर कृपा करून तोंडाला पाणीही सुटू देऊ नका.