धनुबाईंचा प्रश्न

"सभागृहातून कुणाला काही विचारायचंय?" बाहेरगावच्या परीक्षकांनी चष्मा पुसत म्हटलं. हे नुसतं म्हणायचं असतं. नंदुरबारला पीएच.डी.च्या खुल्या तोंडी परीक्षेला आलेली माणसं समोशांवर डोळा ठेवून बसतात, तोंड कोणी उघडत नाही. माझी मात्र या प्रबंधात सात वर्षं गेली होती, बाई! त्यात नवनीतनं, माझ्या नवऱ्यानं, गाडीतच बजावलं होतं, "आज झालं तर झालं, ममता. नाहीतर ते बाड माळ्यावर. घरचे कंटाळलेत."

विषय माझा जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांतल्या बायका आणि त्यांचं स्वावलंबन. घरची मंडळी आलीत म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी मला सगळं मराठीतही सांगायला लावलं होतं. या बायका रानात एकट्या हिंडतात, झाडापानांत देव बघतात, जगाला काय म्हणायचं ते म्हणू देतात आणि आपल्या आतल्या आवाजाचंच ऐकतात. निष्कर्षात मी ठोकून दिलं होतं, त्यांना कुणाची गरजच नव्हती.

मागून हात वर झाला. सासूबाई! धनुबाई, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, मांडीवर पेढ्यांचा खोका.

"ती बाई दिनभर रानमा हिंडे," त्या म्हणाल्या, "मंग तिन्हा घर म्हैसनं दूध कोन काढे?"

सगळे खो खो हसले. नवनीतनं कपाळाला हात लावला. सरांनी खुणावलं, पुढे चला. मलाही हसून मोकळं होता आलं असतं, पण मन काही ऐकेना. पहाटे मी लिहायला बसले की गोठ्यात बादली वाजायची. लक्ष लागत नाही म्हणून मला त्या आवाजाचा संताप यायचा. सात वर्षांत एकदाही उठून बघितलं नाही मी. आभाराच्या पानावर अकरा नावं होती, त्यांचं नव्हतं.

"पुस्तकात ते लिहिलेलं नाही, आई," मी म्हणाले, आणि पुढे घरचीच भाषा तोंडात आली, "आपला घर तुम्हीच काढतस."

परीक्षकांचं हसू थांबलं. "मग तुमच्या निष्कर्षाचं काय?"

"चुकलाय, सर."

माझ्या सरांनी डोळेच मिटले. दहा मिनिटांत निकाल आला. शेवटचं प्रकरण नव्यानं लिहा, मुदत सहा महिने.

नवनीतनं प्रबंध काखेत मारला आणि तो तरातरा गाडीकडे निघाला. "संपलं! आता माळ्यावर."

धनुबाईंनी मागून जाऊन त्याच्या काखेतून प्रबंध ओढला, आणि पेढ्यांच्या खोक्यासकट माझ्या हातात कोंबला.

"सहा महिना ना? दूध मी काढसू. तू लिख."

नको म्हणायला हवं होतं. आणि मी मेली लगेच हो म्हणाले.