पडद्यावरचा निवृत्ती

गोलपोस्टला टँकरचा पाइप बांधलेला.

शाळेच्या भिंतीवर चुन्याने ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’. खाली रिकाम्या घागरींची रांग.

गेमच्या रिमोटचं उजवीकडचं मागचं बटण दाबून धरलं की पडद्यावरचा माणूस पळतो.

निवृत्तीच्या गुडघ्याला एरंडेल.

“दमणूक चालू ठेवा,” निवृत्ती म्हणाला. “दमणूक, फाऊल, ऑफसाइड, समदं चालू. फुटबॉल हाय का भुताचा खेळ?”

टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये कोणते नियम चालू ठेवायचे, यावरून भरदुपारी सिद्धलिंगच्या गेमच्या दुकानात ही बाचाबाची चालली होती. जिल्हा कृती समिती दर उन्हाळ्यात फुटबॉलचा चषक भरवायची. यंदा मैदानावर पाण्याचे टँकर उभे, म्हणून समितीच्या हणमंतरावांनी तोड काढली: खंड नको, चषक टीव्हीवर खेळू. फायनलला उरले दोघे. एक निवृत्ती, पंचायत समितीतला कारकून. जवानीत त्याने हा चषक कुणाच्या हाती लागू दिला नव्हता. अजूनही टपरीवर लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणत. दुसरा त्याचा वर्गमित्र सिद्धलिंग. डावा पाय लहानपणापासून काठीसारखा बारीक. जन्म रेषेबाहेर बसण्यात गेला, आणि आता एकेकाला लोळवत तो फायनलला आला होता. परवा टपरीवाला त्यालाच “या, कॅप्टन!” म्हणाला, तेव्हा निवृत्तीने चहा अर्धा टाकून दिला होता.

“खेळात तरी मोकळं सोड की बा,” सिद्धलिंग म्हणाला. “दमायला नळाची लाइन हाय की. हितं माणसानं हवेत कोलांटी घ्यावी, वाटेल तिथून गोल हाणावा. लोकं त्याच्यासाठीच येतेत.”

“मग सर्कस काढ.”

“कॅप्टन, तुला जळतंय कुठं, सांग. बर्फ आणतो.”

दुकानभर हशा पिकला. जळत होतंच. ज्याने कधी ऊर फुटेस्तोवर धाव घेतली नाही, त्याला धावण्याची टाळी का मिळावी? त्या खेळात आपल्या नावाचा गडी तयार करता यायचा. उंची, वय, वेग, दम, सगळं भरायचं. निवृत्तीला तिथेच वाट सापडली.

“आपापल्या नावाचा गडी उतरवू,” तो म्हणाला. “पण खरा. आपला आपण भरला की माणूस खोटं भरतो. तुझा मी भरतो, माझा तू भर.”

हणमंतरावांना पटलं; दमणूकही चालूच ठेवायची ठरली. कुस्तीत पैलवानाचं वजन करताना समोरचा काट्याजवळ उभा असतोच.

निवृत्तीने सिद्धलिंगची उंची बरोबर भरली, वय बरोबर भरलं. वेगाशी आल्यावर बाण खाली नेला, आणखी खाली नेला. चाळीसच्या खाली मशीन जाईना. गेलं असतं तर तो गेला असता. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर चव लागत होती.

मग निवृत्तीचा गडी भरायला सिद्धलिंग बसला. बराच वेळ बसला. निवृत्ती पाठ करून आपलं सुटलेलं पोट, टक्कल, गुडघा मोजत राहिला. भर लेका, काय भरायचं ते भर.

सामना सुरू झाला. सात नंबरच्या पाठीवर ‘निवृत्ती’. मानेवर रुळणारे केस, सडसडीत. निवृत्तीने बटण दाबलं आणि तो गडी असा सुटला की समोरचे दोघे जागीच राहिले.

“यप्पा! कोन हाय बे हा?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“कॅप्टन हाय,” हणमंतराव म्हणाले. “असाच पळायचा. बघितलाय म्या.”

सिद्धलिंग राहिला बाजूला. निवृत्तीला आता त्या सात नंबरचाच हेवा वाटू लागला. ज्या गुडघ्यावर आपण जिना उतरत नाही, त्याच गुडघ्यावर हा गर्रकन वळतो. याला कुणी ‘तेल लावा’ म्हणत नाही. तो बटण सोडेना. पळ, लेका, पळ! अंगठा मागे पडायचा, पाय पुढे निघून जायचे, चेंडू रेषेबाहेर.

सिद्धलिंगचा गडी गोलसमोर नुसता उभा. आला चेंडू की दे दुसऱ्याला.

शेवटी शेवटी, गोल कुणाचाच नसताना, सात नंबर थांबला. कमरेवर हात. बटण कितीही दाबा, पाय उचलेना. दमणूक चालू होती. चाळीसवाला मात्र जागचा हललाच नव्हता, तर दमेल कशाने? चेंडू त्याच्या पायाशी आला, त्याने तो हळूच आत ढकलला.

दुकान डोक्यावर घेतलं लोकांनी.

“खरा भरायचा ठरला होता,” निवृत्ती पुटपुटला.

“खराच भरला की. मी बघितला तसा.”

“मग दम कमी का भरलास?”

“तो तुला पहिल्यापास्नंच कमी. शेवटाला कमरेवर हात दिऊन हुभारायचास.”

“अन् तुझे मी चाळीस...”

“चाळीस जरा जास्तच झाले, बा,” सिद्धलिंग म्हणाला आणि काठी शोधू लागला. काठी निवृत्तीच्या खुर्चीमागे पडली होती. निवृत्तीने ती उचलली, पण द्यायचं त्याला सुचेना. पडद्यावर सात नंबर अजून वाकून उभा होता, आणि निवृत्ती त्याच्याकडेच बघत राहिला.

चौथीत असताना सिद्धलिंग एकदाच मैदानात उतरला होता आणि असाच गोलसमोर उभा राहून त्याने गोल केला होता. पास निवृत्तीने दिला होता.