अंगठेबाबा आणि रबरी बदक

गिरकी पहिली

धप्प! आणखी एक भक्त सतरंजीवर.

सुकापूरच्या मांडवात ढोल, शिट्ट्या. अंगठेबाबा मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याखाली अंगठे रोवत आणि गरजत, "ब्रह्मांडाचं दार, उघड रे सरकार!" की माणूस आडवा. उठल्यावर तोच सांगे, "काय तो उजेड!"

पुढचा नंबर जन्मभर मिठागरात राबलेल्या शिवाचा. नुसत्या आनंदानंच तो अर्धा तरंगत होता. गेल्या आठवड्यात पुतण्याच्या हळदीत नाचता नाचता त्याचा उजवा हात लोंबकळला, तोंडातून शब्दांऐवजी चिखल निघाला. बायकोनं, हौसानं, मोबाइलमधला बाबांचा फोटो कपाळाला लावला, आणि थोड्याच वेळात जीभ जागेवर, हात जागेवर! डॉक्टर मात्र म्हणाले, मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी शीर चरबीनं बुजत आलीय. ऑपरेशन करून साफ करा. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही.

"मानेला सुरी? मी काय बोकड हाय?" म्हणत शिवा थेट मांडवात.

गिरकी दुसरी

बाबांचे अंगठे मानेपासून वीतभर लांब असताना कुणीतरी ते गच्च धरले. शिवाची भाची, कामोठ्याची डॉक्टर प्राची.

"ताई, दार उघडतंय," बाबा कळवळले.

"उघडा की. ताकद मंत्राची ना? मग हात न लावता म्हणा."

"हां हां, बिनहाताचं दाखवा!" गर्दीला चेव आला.

मघाशी दोनदा कोसळलेला कंटेनरवाला अंकुश पुढे आला. बाबांनी मंत्र म्हटला. अंकुश उभा. बाबा ओरडले. अंकुश उभा. बाबा नाचले. अंकुशला शिंक आली.

"आज ग्रहमान..."

"मघाशी बरं होतं गो बाई ग्रहमान!" हौसाच कडाडली. मांडव खो खो हसला.

"त्या जागी शरीर रक्ताचा दाब मोजतं," प्राची म्हणाली. "ती दाबली की हृदय मंदावतं, मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे काजवे. झालं तुमचं ब्रह्मांड! मामाच्या शिरेत तर चरबी आहे. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला असता, तर कायमचा लकवा."

"पन माझा हात फोटोनं आला ना?"

"बारीक गुठळी अडकली होती, ती आपोआप विरघळली. मोबाइल हौसामामीच्या पर्समध्येच राहिला असता, तरी हात आला असता. मामा, मिठागराच्या उघाडीत, पाणी आत घ्यायच्या दारात, गाळ बसला, खाडीचं पाणी आत येईना, तर तू मंत्र म्हणायचास?"

शिवानं मान खाजवली. "छ्या. पानी अडवून गाळ काढायचो."

"मग?"

शिवानं चपला शोधल्या. "चल, कुठं हाय तुजं हास्पिटल?" मांडवाच्या मागच्या बाजूनं बाबाही हळूच निघाले होते.

गिरकी तिसरी

ऑपरेशनच्या टेबलावर मान बधिर, शिवा जागा. उजव्या हातात रबरी बदक. मेंदूला रक्त पोचतंय का, हे त्यावरून कळायचं.

"दाबा," सर्जन म्हणाले.

चीं.

शीर चिमट्यानं अडवली. "दाबा."

चीं.

शीर उभी चिरली. "दाबा."

 

"काका? दाबा!"

 

चीं चीं चीं! "बोकड जागा हाय, डाक्टर! गंमत केली."

"पुन्हा केलीत तर मीच कोसळेन," सर्जन म्हणाले, आणि चरबीचा पिवळा थर अलगद सोलून त्यांनी शीर शिवली.

उतार

पुढच्या हळदीत सोन्याच्या साखळीशेजारी टाक्यांची रेघ मिरवत शिवानं माइक हिसकावला.

"ऐका रं! चक्कर म्हंजे देव नाय. हात लुळा परला, तोंड वाकरं झालं, बोबरी वलली आनि परत नीट झालं, तरी नवस फेरायला पलू नका. पयलं हास्पिटल! आनि कुनी चमत्कार दाखवला, तर त्याला सांगा, आंगठे खिशात घाल, मंग दाखव."

चीं.

शिवाच्या हातातल्या बदकाच्या इशाऱ्यावर ढोल सुरू.