पांढऱ्या नाकावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुने शिकाऊ विमान आहे. वैमानिक घडवणाऱ्या एका शाळेच्या फाटकाशी, गुळगुळीत फरशीवर, मी नटूनथटून उभे असते. लोक माझ्याशेजारी फोटो काढतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते. देवाने मला कंठ दिला नाही. पण आज तुमचे कान लाभले आहेत, तर मन मोकळे करते.

एके काळी मी खरोखर उडत होते. कितीतरी थरथरते हात माझ्या सुकाणूच्या दांडीवर स्थिर झाले. काम संपवून उभे राहिले की माझ्याखाली तेलाचे दोन-चार थेंब पडायचे. शिकवणारे सर म्हणायचे, "राबणाऱ्याला घाम येणारच!" तेवढे कौतुक मला पुरे होते.

मग माझे इंजीन थकले. ते काढले, ते परत बसवलेच नाही. इंजीन गेले की नाक हलके होते आणि विमान शेपटीवर बसते. म्हणून माझ्या नाकात वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या, झाकण लावले आणि वर पांढराशुभ्र रंग चढवला. ज्याने पंख दिले, त्याला मी काय तोंड दाखवणार?

एका सकाळी एक मिस्त्री आपल्या थोरल्या मुलीला घेऊन आला. तिला वैमानिक व्हायचे होते. शाळा निवडायची होती. मिस्त्रीचा जन्म बस दुरुस्त करण्यात गेलेला. त्या दिवशी मात्र अंगात इस्त्रीचा शर्ट, नखे घासघासून पांढरी केलेली. माझ्याजवळ येताच त्याचा हात सवयीने माझ्या झाकणाच्या खटक्याकडे गेला.

"अहो काका, बस नाही ही!" प्रवेश देणारे साहेब हसले. आजूबाजूचे पालकही हसले.

"सवय हो साहेब, दुसरं काय!" मिस्त्रीने हात खिशात घातला. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. खटका बोटभर अंतरावर राहिला. थोरलीने त्याच दिवशी प्रवेशाच्या अर्जावर सही केली.

शाळेत मुले साठ आणि उडणारी विमाने दोन! थोरली रोज माझ्या पंखाच्या सावलीत, मांडीवर उड्डाणांची वही घेऊन, नंबर लागायची वाट बघे. दीड वर्षात वहीची दोन पाने भरली. घरून फोन आला की म्हणे, "हो बाबा, मस्त चाललंय. आत्ताच उतरले." मी ऐकत असे. तिचे खोटे माझ्याच खोट्याच्या सावलीत वाढले होते. एका दुपारी तिने बॅग उचलली आणि ती निघून गेली.

पाच वर्षांनी ती परत आली. सोबत मिस्त्री, कामावरून तसाच आलेला, आणि धाकटी बहीण. धाकटीने माझ्या पंखाला गाल लावला. "ताई, हीच शाळा! बघ ना, कसलं भारी विमान आहे!"

"मीही असंच म्हणाले होते," थोरलीने पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली. "बाबा, मला जमलं नाही म्हणून सोडलं, असं सांगितलं होतं ना तुम्हाला? खोटं होतं ते. मला उडायलाच मिळालं नाही."

मिस्त्री वहीची कोरी पाने बघत राहिला. मग त्याने खाली पाहिले.

"फरशी फार स्वच्छ आहे. तेलाचा एक थेंब नाही," तो म्हणाला.

"काका, हात नका लावू!" दारातून साहेब ओरडले.

"बस नाही, माहितीये मला." मिस्त्रीने खटका उघडला.

आत गोण्या. मला वाटले, धरणीने मला पोटात घ्यावे.

"त्या दिवशीच उघडायला हवं होतं गं पोरी," मिस्त्री म्हणाला. "चारचौघांत लाजलो मी, आणि वर्षं तुझी गेली."

धाकटीने डोळे पुसले. "साहेब, आज किती विमानं उडाली?" साहेबांनी न वाजलेला फोन कानाला लावला आणि ते आत गेले.

"चला," धाकटी म्हणाली. "आता शाळा बघायची ती आधी धावपट्टीवर, मग ऑफिसात. आणि सगळ्यात आधी वैमानिकाला लागते ती डॉक्टरी तपासणी. ताई, तुझीपण."

"माझं वय बघ की!"

"या विमानापेक्षा कमीच आहे!"

थोरली हसली. मिस्त्रीने झाकण हळूच लावले आणि माझे नाक थोपटले. "याचा काय दोष? बिचारं." मित्रांनो, शिव्या मी सोसल्या असत्या. ती दया सोसवली नाही.

त्याच्या तेलकट बोटांचा काळा डाग माझ्या पांढऱ्या नाकावर उमटला आहे. आज माझ्या अंगावर खरे असे तेवढेच आहे. साहेबांना अजून दिसलेला नाही. दिसला की पुसतील. म्हणून हात जोडून सांगते, माझ्यासारखे कुणी नटून उभे दिसले तर आधी खाली वाका आणि फरशी बघा. तिथे शिकणाऱ्या मुलांच्या वह्या मागून घ्या. आणि झाकणाकडे हात गेला, कुणी हसले, तरी तो मागे घेऊ नका.