फ्लीसचा एकच विजय

हेडली सग्डनला या सौद्यात मिळणार होतं ते असं: सोमवारची संध्याकाळ मोकळी, मंगळवारची डोकेदुखी कायमची बंद, आणि पुढच्या हंगामात जंक्शनच्या टीममध्ये जागा. जंक्शन म्हणजे जिंकणारी टीम. जिंकणाऱ्या टीममधल्या सगळ्यांची नावं लाकडी ढालीवरच्या पितळी पट्टीवर कोरली जात, आणि ती ढाल वर्षभर पबाच्या काउंटरमागे टांगलेली असे. हेडलीने एकसष्टी गाठली होती. त्याचं नाव आजवर कशावरही कोरलं गेलं नव्हतं. कोरायला एकच दगड उरला होता, आणि तो त्याला स्वतःला वाचता येणार नव्हता.

याच्या बदल्यात द्यायचं काय, तर काहीच नाही. फक्त एका सोमवारी चार ठिकाणी फोन करायचे नाहीत. आळसाला इतका भाव आलेला हेडलीने आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

थॉर्नशॉमध्ये पब आठ आणि डार्टच्या टीमही आठ. ऑक्टोबर ते मार्च, मंगळवारी संध्याकाळी, कुणी ना कुणी दुसऱ्याच्या पबात जाऊन भिंतीवरच्या चकतीवर डार्ट फेकायचे. यजमानांनी सँडविच ठेवायची, पाहुण्यांनी ती शिळी आहेत असं म्हणत म्हणत संपवायची. हेडली बावीस वर्षं फ्लीस या पबाच्या टीमचा कॅप्टन होता. निवडून वगैरे आला नव्हता. आधीचा कॅप्टन वारला त्या आठवड्यात डार्टच्या कपाटाची किल्ली याच्या खिशात होती, एवढंच. तेव्हापासून दर सोमवारी चहा झाला की जिन्याखालच्या फोनपाशी स्टुलावर बसायचं आणि माणसं गोळा करायची. होलरॉइड बंधू रंगाच्या कारखान्यात पाळ्यांवर. आज वार कोणता हे त्यांना दुसऱ्याने सांगावं लागे, तेही दोघांना वेगवेगळं. ॲलेक प्लंबर यायला तयार असे, त्याची बायको पाठवायला तयार नसे. म्हणून फोन तिलाच लावायचा आणि आधी तिच्या पाठीची चौकशी करायची. चौथा फोन फ्लीसच्या मालकिणीला, डोरीनला, सँडविच किती माणसांची ते सांगायला. सहावा गडी ख्रिसमसला मुलीकडे गेला तो तिकडचाच झाला.

न बोलावता येणारा एकटा क्लेम ॲम्बलर. वय वर्षं शहात्तर, गळ्यात टाय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चाळीस वर्षं त्याने गिरणीत पगाराचे कागद लिहिले होते. वजाबाकी अजून चोख होती, पण वजा करायचा आकडा त्याला दिसत नसे. डार्ट कुठे लागला हे तो बाजूच्याला विचारी.

तर अशी टीम. तेरा सामन्यांपैकी अकरा हरलेले. जानेवारीतला एक झालाच नाही, कारण बर्फ पडलं आणि तिघेच पोचले. आणि एक जिंकलेला.

तो एक नोव्हेंबरातला, फ्लीसमध्येच, आणि समोर साक्षात जंक्शन. चार-चार अशी बरोबरी, शेवटचा डाव क्लेमचा. समोर होता जंक्शनचा कॅप्टन लेस्टर थ्वेट, ज्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ज्याचे डार्ट मखमली पेटीत झोपतात. खेळ पाचशे एकपासून उतरत शून्यावर आणायचा, आणि शेवटचा डार्ट कडेच्या अरुंद पट्टीतच बसायला हवा, नाहीतर सगळं फुकट. थ्वेट त्या पट्टीपाशी आला आणि अडकला. पंधरा डार्ट फेकले, पंधरा बाहेर. तोवर क्लेम खुरडत खुरडत चाळिसावर आला. चाळीस म्हणजे चकतीच्या अगदी डोक्यावरची पट्टी.

"दिसतंय का?" हेडलीने विचारलं होतं.

"नाही," क्लेम म्हणाला. "पण तिथेच असणार. चाळीस वर्षांत हलली नाही."

आणि त्याने डार्ट तिथे नेऊन ठेवला. फेकला म्हणण्यापेक्षा ठेवलाच.

त्यानंतर दर मंगळवारी, पहिल्या अर्ध्या ग्लासानंतर, क्लेम तो डार्ट पुन्हा टाके. गोष्टीत पंधराचे अठरा डार्ट झाले, मग बावीस. गर्दीही वाढत गेली. डोरीन ग्लास पुसता पुसता म्हणायची, "राजा, त्या दिवशी इथे अकरा माणसं होती. तुझ्या गोष्टीत आता साठ झाली आहेत. त्या साठांनी एकेक बिअर घेतली असती तर मी आज स्पेनमध्ये पाय पसरून बसले असते."

"तुला मागे काउंटरमधून दिसत नव्हतं," क्लेम शांतपणे सांगायचा.

"आणि तुला दिसत होतं?"

मार्चमधल्या शनिवारी लेस्टर थ्वेट हेडलीच्या भाजीच्या वाफ्यापाशी येऊन उभा राहिला. बुटाला चिखल लागणार नाही अशा बेताने.

"कोबी कसा आहे?"

"तुझ्यासारखा," हेडली कमरेवर हात देऊन उठत म्हणाला. "गोल आणि थंड. काम बोल, लेस्टर."

थ्वेटने काम सांगितलं. बाकी सगळ्यांचे सामने संपले होते, राहिला होता फक्त फ्लीसचा, येत्या मंगळवारी बे हॉर्सशी. कोष्टकात सगळ्यांच्या वर जंक्शन आणि मटन या दोन पबांच्या टीम बरोबरीत, दोघी दोन-दोन सामने हरलेल्या. आता ढालीसाठी त्या दोघींची पुन्हा लढत होणार, आणि मटनकडे या वर्षी एक नवा पोस्टमन आला होता, जो डोळे मिटूनही चुकत नव्हता.

"आमच्या दोन हारींपैकी एक तुमच्याकडची," थ्वेट म्हणाला.

"ऐकलंय मी. दर मंगळवारी ऐकतो."

"नियम तुला पाठ आहे. दोनदा चार माणसं उभी करता आली नाहीत की टीम बाद. बाद टीमचे सगळे सामने कोष्टकातून पुसायचे, जिंकलेले हरलेले, सगळे. एकदा तुमचे तिघेच आले होते जानेवारीत."

हेडलीने कोबीकडे पाहिलं. फ्लीस पुसली गेली की जंक्शनची एक हार पुसली जाणार, मटनच्या दोन्ही तशाच राहणार. पुन्हा लढत नाही, पोस्टमन नाही, ढाल जंक्शनच्या भिंतीवर.

"मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये," थ्वेट म्हणाला. "हरायलाही सांगत नाही, ते तुम्ही सांगितल्याशिवाय करता. फोन राहून गेला, माणूस विसरतो. आमचा हॅरल्ड या वर्षानंतर खेळणं सोडतोय. सहावी जागा रिकामी आहे. तुझा हात चांगला आहे, हेडली. बावीस वर्षं चुकीच्या भिंतीवर चाललाय एवढंच."

खोटं नव्हतं ते. हात चांगला होता.

रविवारभर हेडलीने हिशोब मांडून पाहिला, आणि कुठूनही मांडला तरी तो जमतच होता. होलरॉइड बंधूंना झोप मिळणार होती. ॲलेकच्या बायकोला ॲलेक मिळणार होता, तिला तो हवा असला तर. डोरीन दोन वर्षं सांगत होती की ती चकती काढली तर त्या भिंतीला दोन जेवणाची टेबलं बसतात. डार्टवाले संध्याकाळभर एका ग्लासावर बसतात, जेवणारे तसे बसत नाहीत. बे हॉर्सला न खेळता घरी जायला मिळालं असतं. गावात या बातमीने ज्याचं काही जाईल असा माणूस शोधावा लागत होता, आणि सापडत होता एकच. त्याच्यापाशी आल्यावर हेडली पुन्हा वरून बेरीज सुरू करी.

सोमवारी चहा झाला. हेडली जिन्याखाली जाऊन स्टुलावर बसला. रिसीव्हर उचलला, होलरॉइडांचे तीन आकडे फिरवले आणि खाली ठेवला. तसाच बसून राहिला. कोट अडकवायच्या खुंट्या तिथून बरोबर सहा दिसत होत्या. इतकी वर्षं तिथे बसून त्याने त्या कधी मोजल्या नव्हत्या.

मॅव्हिस, त्याची बायको, कपडे घेऊन जिना चढताना थांबली. "आज आवाज नाही तुझा. तिची पाठ बरी झाली की काय?"

"आज नाही लावत कुणाला."

"बरं नाही का तुला?"

"कंटाळा आला, मॅव्हिस."

"कंटाळा तुला सहा वर्षांपूर्वीच आला होता," ती म्हणाली. "मला वाटलं तू त्याच्याशी जुळवून घेतलंस." आणि वर गेली.

मंगळवारी साडेसातला बे हॉर्सची सात माणसं आली आणि टेबलापाशी बसली. सँडविच मागच्या आठवड्याच्या अंदाजाने डोरीनने केलीच होती. ती शिळी असल्याचं एकाने लगेच सांगितलं. क्लेम आधीपासून आपल्या खुर्चीवर होता, टाय सरळ, डार्ट समोर रुमालावर मांडलेले. हेडली त्याच्या शेजारी बसला. साडेआठपर्यंत चार माणसं झाली नाहीत तर सामना सोडून द्यायचा, असा नियम.

"बाकीचे?" डोरीनने विचारलं.

"येतील," हेडली म्हणाला.

पावणेआठ झाले. आठ झाले. बे हॉर्सचा कॅप्टन, शाळेचा शिपाई होता तो, भला माणूस, स्वतःहून म्हणाला, "आम्हाला घाई नाही. तुम्ही शोधून आणा कुणाला तरी." ॲलेकचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. हेडलीने दाराकडे पाहिलं, उठायचं म्हणून हात टेबलावर टेकवले आणि हात तिथेच राहिले.

"फोन केला होतास ना, पोरा?" क्लेमने विचारलं.

"केला होता."

क्लेमने मान डोलावली. नोव्हेंबरची गोष्ट त्या संध्याकाळी त्याने काढली नाही. ग्लास अर्ध्यावर आला, त्याच्या खाली गेला, तरी नाही. बे हॉर्सच्या एकाने मुद्दाम छेडलं, "काय आजोबा, किती डार्ट चुकला होता तो थ्वेट?"

"पंधरा," क्लेम म्हणाला. "पंधराच होते."

साडेआठला शिपायाने सामन्याचं कार्ड पुढे केलं. सोडून दिलेल्या सामन्यावर कॅप्टनची सही लागते, आणि त्याच टीमच्या आणखी एकाची. हेडलीने सही केली. सही सरळ आली. हात चांगला होता. मग कार्ड क्लेमपुढे सरकवावं लागलं. त्याने ते डोळ्यांजवळ नेलं.

"यावर मी सही केली की आपण बाद."

"हो."

"म्हणजे सगळं पुसणार."

"नियम आहे, क्लेम."

"माहीत आहे. जंक्शनचं गणित मी फेब्रुवारीतच केलं होतं. बोललो नाही, उगाच कुणाच्या डोक्यात यायचं." त्याने खिशातून पेन काढलं, गिरणीतलं, जाड निबाचं. "एक बरं आहे. कोष्टक बघणाऱ्याला आता आपण कुणाकडूनच हरलेलो नाही."

हेडली हसला नाही. "क्लेम, मी फोन—"

"सकाळी थोरला होलरॉइड भेटला होता खाटकाकडे," क्लेम कार्डावरून नजर न काढता म्हणाला. "लिव्हर घेत होता. म्हटलं, आज काय बेत. म्हणाला, घरीच, आज काही नाही ना."

काउंटरवर डोरीनने नळ बंद केला.

"मग तू त्याला सांगितलं का नाहीस?" हेडलीने विचारलं. "तो आला असता. भावालाही आणलं असतं. चार झाले असते."

"झाले असते," क्लेम म्हणाला. "जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, बावीस वर्षांत हा माणूस एकदाही विसरला नाही. आज विसरला असेल तर त्याला विसरायचं असेल." त्याने पेनचं टोपण काढलं. "बोट ठेव रे जरा, सही कुठे करायची ते. मला ओळ दिसत नाही."

हेडलीने बोट ठेवलं. क्लेमने सही केली, पूर्ण नाव, सुरेख वळणदार अक्षरात, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

पुढचं सगळं ठरल्याबरहुकूम झालं. ढाल जंक्शनच्या भिंतीवर लागली. डोरीनची दोन टेबलं बसली, आणि भिंतीवर चकतीच्या जागी गोल फिकट डाग राहिला तो तिने आरशाने झाकला. थ्वेट शब्दाचा पक्का निघाला. हेडलीला सहावी जागा मिळाली, तो खेळलाही चांगला, आणि वर्षाने पट्टीवर त्याचं नाव आलं, सग्डनमधलं एकही अक्षर न चुकता. सोमवारी आता कुणीतरी त्याला फोन करतं. तो स्टुलावर बसून ऐकतो, "हो, येतो" म्हणतो आणि ठेवतो. क्लेम मंगळवारी फ्लीसमध्ये जातो, टाय लावून, आरशाखालच्या टेबलावर. कुणी विचारलं तर सांगतो की डार्ट खेळायचो, फार काही नाही.

हेडलीने पुष्कळदा बेरीज करून पाहिली. यात त्याच्या खिशातून कुठेच काही गेलेलं दिसत नाही, थ्वेटच्याही नाही, कुणाच्याच नाही. सगळं एकट्या क्लेमने भरलं, आणि तेही सकाळीच, खाटकाच्या दुकानात, कुणी मागायच्या आत.